कुंडींतील झाडाची तहान

झाड सुकलें कीं पाणी घालावें, हा आपणां सर्वांचा ठाम समज आहे. परंतु कुंडींतील झाडाच्या बाबतींत हाच समज पुष्कळदां त्याच्या जिवावर बेततो. गेल्या पावसाळ्यांत मावशीनें गांवाहून आणलेला आमचा मोगरा असाच गेला. पानें मलूल दिसूं लागलीं म्हणून मी सकाळीं पाणी घालीत असें. मी विसरलों असेन म्हणून आई सायंकाळीं पुन्हां घाली. आणि पागोळ्यांची धार होतीच. शेवटीं झाड उपटून पाहिलें, तों मुळें काळपट व बुळबुळीत झालेलीं! चिमटींत धरून ओढतांच वरची साल निसटून आंत दोऱ्यासारखा तंतु तेवढा राहिला. मातीला कुजट घाण येत होती.

वाचकहो, मातींत पाणी असतां झाडानें तहानेनें कां सुकावें? कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. तिच्यांतील प्राणवायूच्या बळावरच मुळें पाणी शोषितात. ह्या पोकळ्या सदा पाण्यानें भरलेल्या राहिल्या, तर प्राणवायु मुळांस मिळेनासा होतो. कारण पाण्यांतून तो हवेपेक्षां सुमारें १०,००० पट मंद गतीनें पसरतो. (भाताची गोष्ट निराळी; त्याच्या अंगांत मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्याच असतात.) अशा गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियम व फायटॉफ्थोरा हे सूक्ष्म जीव तुटून पडतात. त्यांचे बीजाणु शेपटीच्या साहाय्यानें मातींतील पाण्यांतून चक्क पोहत जातात. विदर्भांतील संत्र्याच्या बागांना पिडणारा डिंक्या रोग ह्या फायटॉफ्थोराचाच.

तेव्हां पाणी नेमानें नव्हे, माती पाहून घालावें. बोट दोन पेरें मातींत खुपसावें. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी नको. घालावयाचें तेव्हां मात्र तळाच्या भोंकांतून निथळेपर्यंत घालावें, आणि बशींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. मातीची कुंडी अंगानेंही ओल सोडते, प्लॅस्टिकची सोडीत नाहीं. म्हणून तिला पाणी कमी वेळां लागतें. लहान रोपास भली मोठी कुंडी देणें ही माया नव्हे. तेवढ्या मातींतील ओल त्याला शोषवत नाहीं व ती तशीच मुरत राहते. रोग लवकर ध्यानांत आल्यास कुजलेलीं मुळें छाटून रोप नव्या, वाळूमिश्रित मातींत लावावें व कांहीं दिवस सावलींत ठेवावें.

मावशीनें यंदा मोगऱ्याचें दुसरें रोप पाठविलें आहे. कुंडी पडवींत ठेविली असून, पाणी कोणीं घालावयाचें हें आईनें व मीं आधींच ठरवून घेतलें आहे.