भूगर्भातील उष्णता आणि तिचा विनियोग

मराठीत 'ऊन' हा शब्द केवळ सूर्याच्या तापापुरता नाही. कढत पाण्यासही आपण ऊन पाणी म्हणतो. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, चोपडे तालुक्यातील उनपदेव ही नावे त्याच शब्दाची आठवण करून देतात. आपल्या सभासदांपैकी ज्यांचे मूळ कोकणात वा खानदेशात आहे, त्यांच्या घरी या कुंडांच्या स्नानाचे माहात्म्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकिवात आहे. अलीकडे मात्र एक नवा प्रश्न विचारला जातो: या पाण्यावर वीज का काढू नये? सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र शासनाने भूऔष्णिक ऊर्जेविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केल्यापासून तर हा प्रश्न अधिकच पुढे आला आहे. तो योग्यच आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी या विषयाची मूलतत्त्वे समजून घेणे इष्ट होईल.

पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे, ती दोन कारणांनी. पृथ्वी घडताना साठलेल्या उष्णतेचा काही भाग अद्याप शिल्लक आहे. आणि खडकांतील युरेनियम, थोरियम, पोटॅशियम या द्रव्यांच्या किरणोत्सर्गामुळे नवी उष्णता सतत निर्माण होत असते. जमिनीत एक किलोमीटर खाली जावे तो तापमान सामान्यतः 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. या हिशेबाने आमच्या इंदूरच्या पायांखालीही तीन किलोमीटरच्या आसपास पाणी उकळण्याइतकी उष्णता असली पाहिजे.

पण नुसता विस्तव असून स्वयंपाक होत नाही. पाणी लागते, आणि ते धरणारे व पोहोचविणारे भांडेही लागते. भूगर्भात ते काम भेगाळलेला खडक करतो. पावसाचे पाणी खोल भेगांतून उतरते, खाली तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. उष्णता, पाणी आणि भेगा ही तिन्ही जेथे जमतात तेथेच ऊन पाण्याचा झरा सापडतो. जमिनीखाली गंधक जळत असल्याने, अथवा दख्खनच्या ज्वालामुखीचा अवशेष अजून धगधगत असल्याने हे पाणी तापते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्यास आधार नाही. तो लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच निवला. आपले झरे हे खोल भेगांचे देणे होय. म्हणूनच ते रांगेने सापडतात: एक रांग सह्याद्रीच्या पायथ्याने कोकणातून जाते, दुसरी तापी, नर्मदा व शोण यांच्या खोऱ्यांच्या पट्ट्याने. उनपदेव, पचमढीच्या परिसरातील अनहोनी आणि पूर्वी मध्य प्रदेशात असलेले, आता छत्तीसगडात गेलेले तातापानी ही या दुसऱ्या रांगेतील ठिकाणे.

आता विजेकडे वळू. इटलीतील लार्देरेल्लो येथे जमिनीतून कोरडी वाफच निघते. तेथे 1904 साली पिएरो जिनोरी कोन्ती यांनी त्या वाफेवर लहानसे यंत्र चालवून पाच दिवे लावले. 1913 मध्ये तेथेच 250 किलोवॉटचे विद्युत्‌केंद्र उभे राहिले. न्यूझीलंडमधील वैराकी येथे 1958 साली दुसरी रीत आली. तेथे दाबाखालील अतितप्त पाणी वर येताना काही अंशी वाफेत बदलते, व त्या वाफेवर टर्बाइन फिरते. तिसरी रीत त्याहून कमी तापलेल्या पाण्यासाठी आहे. त्या पाण्याने थोड्या उष्णतेवर उकळणारा दुसरा द्रव तापवितात व त्याच्या वाफेवर टर्बाइन चालवितात. रशियातील कामचाट्का प्रदेशात परातून्का येथे 1967 साली असे केंद्र सुरू झाले.

आपल्या देशात लडाखमधील पुगा खोरे या दृष्टीने अग्रेसर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 4,400 मीटर उंचीवरील या खोऱ्यात 1970 नंतरच्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने विंधनछिद्रे पाडली. 2021 मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने वीजनिर्मितीच्या प्रयोगासाठी लडाखच्या प्रशासनाशी करार केला. हिमाचलातील मणिकरण येथे 5 किलोवॉटचे प्रायोगिक यंत्र एकेकाळी चालविले गेले आणि उष्ण पाण्याच्याच बळावर शीतगृहही चालवून पाहण्यात आले. तातापानीच्या विंधनविहिरींतून सुमारे 100 अंशांचे पाणी मिळाले, पण तेथील योजिलेले विद्युत्‌केंद्र उभे राहिले नाही.

कोकणातील झऱ्यांचे पाणी मात्र साधारण 40 ते 70 अंशांचे आहे. येथे उष्णतेचे प्रमाण आणि उष्णतेची प्रत यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. समजा, एका झऱ्यातून दर सेकंदास 60 अंशांचे 10 लिटर पाणी येते. ते 30 अंशांपर्यंत निववले, तर सुमारे 1,250 किलोवॉट उष्णता मिळते. एवढ्या उष्णतेत तासाला साडेतीन हजार बादल्या पाणी स्नानाजोगे तापेल. त्याच पाण्यापासून वीज काढू गेल्यास सृष्टिनियमानेच 60 किलोवॉटहून अधिक मिळणे शक्य नाही. प्रत्यक्षात त्याची निम्मीही हाती येणे कठीण, आणि तीतूनही पंपाचा खर्च वजा होणार. त्या विजेवर गीझर चालविले, तर तासाला जेमतेम ऐंशी बादल्या तापतील! उष्णतेची वीज आणि विजेची पुन्हा उष्णता हा व्यवहार सोन्याचे दागिने मोडून पितळेची भांडी घेण्यासारखा आहे.

गीझर हा शब्द आपण रोज उच्चारतो, तो आइसलंडमधील 'गेसिर' नावाच्या उसळत्या झऱ्यावरून आला. त्या देशातील दहांपैकी नऊ घरे भूगर्भातील उष्णतेने ऊबदार राहतात. आपल्याकडे घरे तापविण्याची गरज नाही. पण भात व मासळी वाळविणे, आंबापोळी व कोकम सुकविणे, आरोग्यशाळेस व वसतिगृहास ऊन पाणी पुरविणे ही कामे 60 अंशांत सुखाने होतील. अट एवढीच, की झऱ्याचे खारे पाणी यंत्रांतून फिरवू नये. त्यातील क्षारांचा थर नळांत साचतो. त्याची उष्णता वेगळ्या नळातील स्वच्छ पाण्यास द्यावी आणि तेच पुढे न्यावे.

आणखी एक गोष्ट विश्वस्त संस्थेच्या सभासदांस समजावून सांगण्याची गरज नाही. मूळ निधी राखून व्याजावर कार्य चालवावे, हा आपला नियम आहे. भूगर्भाचा हिशेबही तसाच आहे. कॅलिफोर्नियातील 'द गीझर्स' या क्षेत्रात वीजनिर्मिती 1960 साली सुरू झाली. पुढे केंद्रे वाढत गेली, वाफ बेसुमार काढली गेली, आणि 1990 च्या सुमारास तिचा दाब उतरू लागला. तेव्हा आसपासच्या गावांचे सांडपाणी शुद्ध करून 1997 पासून नळाने आणून भूगर्भात सोडण्यात आले. 2003 पासून सांता रोझा शहराचेही पाणी तेथे जाऊ लागले. वापरलेले पाणी पुन्हा खाली सोडणे हा या उद्योगाचा आता पहिला नियम होय. आपल्या कुंडांभोवती विंधनविहिरी घेऊन पाणी बेसुमार उपसले, तर वीज तर राहोच, शतकानुशतके वाहणारा झराही आटेल.

इंदुरात ऊन पाण्याचे झरे नाहीत; परंतु जुन्या वाड्यांच्या विहिरींचे पाणी हिवाळ्यात कोमट व उन्हाळ्यात गार लागते, हे आपण पाहिले आहे. काही मीटर खाली जमिनीचे तापमान बारमाही जवळजवळ एकसारखे असते. जमिनीत नळ पुरून इमारतीतील उष्णता तेथे सोडण्याची रीत पुष्कळ देशांत रूढ झाली आहे. मंगल कार्यालय किंवा विद्यार्थिगृह बांधताना आपल्यासारख्या संस्थांनी अभियंत्यास याविषयी अवश्य विचारावे. कोकणात वा खानदेशात ज्यांचे गाव आहे, त्यांनी कोणी वीज-योजनेचे आश्वासन घेऊन आल्यास तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी किती अंशांचे, दर सेकंदास किती, आणि वापरल्यावर ते कोठे सोडणार? या तिहींची उत्तरे मिळाली, की योजना खरी की पोकळ, हे ग्रामसभाही ठरवू शकेल.