शेकडा तीन म्हणजे किती?

नरडाणा स्थानकावरून सुरत-भुसावळ मार्गावरची एखादी गाडी न थांबता निघून गेली आणि तिचा वेग विचारल्यावर कोणी नुसते "साठ" म्हणाले, तर आपले समाधान होणार नाही. साठ काय? ताशी साठ किलोमीटर की सेकंदाला साठ मीटर? दुसरा वेग पहिल्याच्या ३.६ पट आहे. वेगाला एकक लागते हे आपण शाळेत शिकतो. व्याजाच्या दरालाही काळाचे एकक लागते, हे मात्र पुष्कळदा विसरतो.

समजा, पावसाळ्याच्या तोंडावर कपाशीचे बियाणे व खते घेण्यासाठी एका घराला १०,००० रुपये हवे आहेत. गावात पैसे "शेकडा तीनने" मिळतात. दुसरीकडे पाटीवर १२ टक्के दर लिहिला आहे. तीन हा आकडा बारापेक्षा लहान, म्हणून पहिले कर्ज स्वस्त वाटते. पण 'शेकडा तीन' म्हणजे शंभर रुपयांना दरमहा तीन रुपये, आणि पाटीवरचा दर वर्षाचा. एकक सारखे केले की तीनाचे छत्तीस होतात. म्हणजे पहिले कर्ज तिप्पट महाग!

दरमहा व्याज सांगण्याची रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ. स. ११५०) ग्रंथात असे एक उदाहरण आहे: शंभराला एका महिन्याचे व्याज ५, तर १६ चे वर्षाचे व्याज किती? करून पहा, उत्तर ९.६ येईल. 'एका महिन्याचे' हे शब्द काढले तर गणित सुटणारच नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद करणारा शिलालेख आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

आता दुसरा प्रश्न. व्याज थकले आणि ते मुद्दलात मिळवले तर? यालाच चक्रवाढ म्हणतात. मग शेकडा तीनने १,००० रुपयांचे एका वर्षात १,३६० नव्हे, तर सुमारे १,४२६ रुपये होतात आणि दोन वर्षांत २,०३३. किरणोत्सर्गी पदार्थ ठरावीक काळात निम्मा होतो, त्या काळाला आपण अर्धायुष्य म्हणतो. चक्रवाढीचे कर्ज याच्या उलट, ठरावीक काळात दुप्पट होत जाते. हा काळ काढण्याची सोपी युक्ती अशी: ७२ ला दराने भागा. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. डाकघराच्या बचत खात्यावर वर्षाला ४ टक्के व्याज मिळते. तेथे ७२ भागिले ४ म्हणजे १८ वर्षे. कर्ज दोन वर्षांत दुप्पट आणि बचत अठरा वर्षांत! म्हणून असे कर्ज डोक्यावर असताना हाती आलेला पैसा आधी ते फेडण्यास वापरणे हाच शहाणपणा. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा 'दामदुपटी'चा जुना नियम का केला असेल, हेही यावरून ध्यानात येते.

तिसरा प्रश्न हप्त्यांचा. १२,००० रुपयांचा मोबाइल बारा हप्त्यांत घेतला. व्याज "फक्त १२ टक्के", म्हणजे १,४४० रुपये. हप्ता १,१२० रुपयांचा. पण वर्षभर १२,००० रुपये आपल्याकडे राहिले का? दरमहा १,००० रुपये मुद्दल फिटत गेले. पहिल्या महिन्यात १२,००० बाकी, दुसऱ्यात ११,०००, शेवटच्या महिन्यात १,०००. सरासरी बाकी ६,५०० रुपये. त्यावर १,४४० रुपये म्हणजे खरा दर सुमारे २२ टक्के!

तेव्हा कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. दर महिन्याचा की वर्षाचा? व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या बाकीवर? थकलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लागते का? घरातल्या मोठ्यांनाही हा हिशेब मांडून दाखवा; त्यासाठी सातवी-आठवीचे गणित पुरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवता येते. तसे खाते असेल तर त्यावर जमा झालेले व्याज स्वतः पडताळून पहा.

जाता जाता एक उदाहरण: शेकडा दीडने घेतलेले कर्ज चक्रवाढीने किती महिन्यांत दुप्पट होईल? आधी ७२ च्या युक्तीने उत्तर काढा आणि मग महिन्यामहिन्याचा तक्ता मांडून ते ताडून पहा.