हेल्मेट वाचवते ते स्वतः दबून

मागच्या वेळी एकांनी विचारले, "सर, हेल्मेट आपटले, पण साधा तडासुद्धा नाही. मुलाला वापरायला देऊ ना?" नका देऊ!

बघा, बाहेरचे टणक कवच मार पसरवते, टोकदार काही आत घुसू देत नाही. पण मुख्य काम आतल्या थर्माकोलच्या थराचे. डोके रस्त्यावर आपटले की कवटी थांबते, मेंदू मात्र पुढे जातच असतो. तो थर चिरडतो, म्हणून डोक्याला थांबायला दीड-दोन सेंटिमीटर जागा मिळते, काही मिलिसेकंद जास्त मिळतात. जगणे-मरणे तेवढ्यात ठरते, हो. आणि एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही. तो अस्तराखाली असतो, दिसणार कसा? आम्ही तत्त्वज्ञानवाले प्रत्यक्षाला पहिले प्रमाण मानतो. इथे प्रत्यक्षच फसवते, अनुमान करावे लागते.

१९३५ साली टी. ई. लॉरेन्स मोटारसायकल अपघातात गेले. त्यांना तपासणारे मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स यांनी १९४१ मध्ये मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध लिहिला, हेल्मेटचा आग्रह धरला.

पट्टा न लावलेले हेल्मेट मात्र डोक्याआधीच निघून जाते.

मी पडलो होतो, तेव्हाचे माझे हेल्मेट अगदी 'चांगले' दिसत होते. भंगारात देण्याआधी करवतीने कापले. नाहीतर कुणीतरी उचलून घातले असते.