रेषांचा चढ आणि शेताची रुंदी

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली गाडी वडगांव सोडून कामशेतकडे जाऊं लागली, कीं वाटेंत कान्हे हें स्थानक लागतें. हा लोहमार्ग १८५८ सालीं खंडाळ्यापर्यंत खुला झाला आणि १८६३ सालीं बोरघाट ओलांडून तो मुंबईच्या मार्गाला जोडला गेला. मार्गाचे दोन रूळ एकमेकांपासून ५ फूट ६ इंच अंतरावर असतात. सरळ टप्प्यावर उभें राहून दूर पाहिलें, तर ते क्षितिजाशीं एकत्र आल्यासारखे दिसतात. पण ते एकत्र येत नाहींत, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु शेवटपर्यंत चालत न जातां, दोन रेषा कधींहि मिळणार नाहींत असें खात्रीनें कसें सांगावें? या प्रश्नाचें उत्तर एका संख्येंत आहे. त्या संख्येचें नांव चढ.

चढ म्हणजे आडवें अंतर कापतांना किती उंची चढली, याचें प्रमाण. बोरघाटांतील लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा आहे. म्हणजे ३७ फूट पुढें गेलें कीं गाडी १ फूट वर येते. हेंच प्रमाण सपाट नकाशावरहि उपयोगी पडतें. तेथें वर चढण्याऐवजी उत्तरेकडे सरकणें मोजावयाचें आणि आडव्या अंतराऐवजी पूर्वेकडे सरकणें. फ्रेंच तत्त्ववेत्ता रने देकार्त यानें १६३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत भूमिति व बीजगणित यांची सांगड घातली. तेव्हांपासून रेषा ही केवळ काढावयाची वस्तु न राहतां समीकरणानें लिहावयाची वस्तु झाली.

कान्हे परिसर भातशेतीचा. तेथील एखाद्या खाचराचा बांध उदाहरणादाखल घ्यावा. मोजण्यास ३३ फुटांची साखळी घ्यावी, कारण तिच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. जमिनीवरील एका खुणेपासून पूर्वेकडील अंतर ‘क्ष’ आणि उत्तरेकडील अंतर ‘य’ मानावें. बांध २ साखळ्या पूर्वेस गेला कीं १ साखळी उत्तरेस सरकतो; म्हणून त्याचा चढ १/२. तो खुणेच्या थेट उत्तरेस ३ साखळ्यांवरून जात असेल, तर त्याचें समीकरण य = (१/२)क्ष + ३ असें होतें.

आतां खुणेच्या पूर्वेस ४ व उत्तरेस १ साखळी अशा जागेवरून पहिल्याशीं समांतर दुसरा बांध घालावयाचा आहे. समांतर रेषांचा चढ सारखाच असतो. म्हणून य = (१/२)क्ष + क असें लिहून जागेचे अंक घालावे: १ = २ + क. यावरून क = −१, आणि समीकरण य = (१/२)क्ष − १. हे दोन बांध मिळतात असें क्षणभर मानलें, तर ३ = −१ असें म्हणावें लागेल; तें अशक्य आहे. ते न मिळण्याची खात्री पटली ती अशी, एक पाऊलहि न चालतां.

या दोन बांधांमधील उत्तर-दक्षिण अंतर सर्वत्र ४ साखळ्या भरतें. मात्र ती शेताची रुंदी नव्हे. रुंदी लंबावर मोजावी लागते. २ पूर्वेस व १ उत्तरेस जाणारी रेषा काटकोनांत फिरविली, तर ती १ पश्चिमेस व २ उत्तरेस जाते. तिचा चढ −२. म्हणजे लंब रेषेचा चढ काढतांना मूळ चढाचा व्यस्तांक घेऊन चिन्ह बदलावें. दोन्ही चढांचा गुणाकार −१ येतो. थेट उत्तर-दक्षिण व थेट पूर्व-पश्चिम रेषांना हा नियम लागत नाहीं. उत्तर-दक्षिण रेषेचा चढ सांगतां येत नाहीं, आणि तिचा लंब थेट पूर्व-पश्चिम असतो.

त्याच जागेवरून जाणारा लंब काढूं जातां १ = −८ + क, म्हणून क = ९; समीकरण य = −२क्ष + ९. हा लंब पहिल्या बांधाला क्ष = २·४, य = ४·२ येथें मिळतो. दोन जागांतील फरक पूर्व-पश्चिम १·६ व उत्तर-दक्षिण ३·२. त्यांच्या वर्गांची बेरीज १२·८ आणि तिचें वर्गमूळ सुमारें ३·५८. खरी रुंदी ४ साखळ्या नसून ३·५८ साखळ्या, म्हणजे १३२ फूट नसून सुमारें ११८ फूट आहे.

दोन्ही बांध १० साखळ्या लांब असतील, तर चुकीच्या मापानें शेत पुरे ४० गुंठे भरतें आणि खऱ्या मापानें ३६ गुंठेहि भरत नाहीं. वांटणींत किंवा खरेदींत एका पक्षाचे चार गुंठ्यांहून अधिक बुडतात, आणि तेंहि कोणीं लबाडी न करतां. शेतांत काटकोन साधण्यास ३, ४ व ५ या प्रमाणांतील दोरीचा त्रिकोण पुरतो. शुल्बसूत्रांच्या काळापासून तो या देशांत माहीत आहे. बांधाला आधीं असा लंब काढावा आणि मग साखळी धरावी. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला त्याची जमीन पुरी येईल.