कौलारू छप्पर: परतायचं की उतरवायचं?

एका कोपऱ्यात गळतं म्हणून कोकणात कुणी अख्खं छप्पर उतरवायला निघालं, तर त्याला आधी माळ्यावर चढवावं. मंगळुरी कौल बहुधा सरकलेलं असतं, नाहीतर माकडांनी फोडलेलं. मे महिन्यात कौलं परतून, फुटकी बदलून भागतं. खरी परीक्षा लाकडाची. भिंतीवर टेकलेल्या वाशाच्या टोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. सहज आत गेला, भुसा गळला, तर वाळवी किंवा कूज. दोनचार वासे, रिपा बदलता येतात. आढंच वाकलं असेल, तर मात्र सांगाडा नवा हवा. पत्रा सुटसुटीत खरा, पण उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही. म्हणून जुनी कौलं जपून उतरवा. टिचकीला खणखणीत वाजणारी नव्या वाशांवर पुन्हा चढवता येतात.