‘सैराट’च्या आधीचा ‘विश्वविनायक’

चाकण आणि आळंदीचा खेड तालुका आज कारखान्यांसाठी ओळखला जातो. संगीतकार अजय-अतुल गोगावले यांचे बालपण मात्र याच तालुक्यातील राजगुरुनगर आणि शेजारच्या जुन्नर, शिरूर भागात गेले. वडील महसूल खात्यात. घरात ना संगीताचा वारसा, ना वाद्ये घेण्याची ऐपत. अशा या भावांचा पहिला अल्बम ‘विश्वविनायक’ २००१ मध्ये आला. गणेशाच्या संस्कृत श्लोकांना त्यांनी सिंफनीच्या भव्य वाद्यमेळाची जोड दिली. स्वर होते एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन यांचे. २०१६ च्या ‘सैराट’साठी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. परंतु आपल्या मातीतले सूर पाश्चात्त्य वाद्यमेळात मिसळूनही आपलेच राहतात, हा विश्वास त्या पहिल्या अल्बममध्येच होता.