दहावीनंतर डॉक्टरकीची वाट : अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी



या पानावर आपण एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या खेपेला विषय जरा निराळा आहे. आडसाली लागणीच्या तयारीला गावोगाव फिरताना हटकून एक प्रश्न येतो. दहावीचा निकाल नुकताच लागलेला असतो, आणि बांधावर उभे राहून सभासद विचारतात, "साहेब, पोरीला डॉक्टर करायचीय. अकरावीला काय घ्यायचं?" मी शेतकी पदविकेचा माणूस. पण हा प्रश्न आमच्या घरातही येऊन गेला आहे आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. म्हणून नियम नीट समजून घेऊन हे लिहितो आहे.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना जुनी पद्धत आठवत असेल. अकरावी मॅट्रिक, मग कॉलेजात इंटर सायन्सचा 'बी' ग्रुप, आणि तिथल्या गुणांवर मेडिकलला प्रवेश. पुढे दहावी-बारावीची पद्धत आली आणि बारावीच्या गुणांना महत्त्व आले. त्यानंतर राज्याची सीईटी आली. देशभरासाठी एकच प्रवेश परीक्षा म्हणजे 'नीट' पहिल्यांदा २०१३ साली झाली, मध्यंतरी न्यायालयात अडकली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा आली. २०२० पासून एम्स आणि जिपमर या संस्थांचे प्रवेशही तिच्यातूनच होतात. म्हणजे आज एमबीबीएसला जायचे तर दार एकच आहे, नीट. पण त्या दारापर्यंत जाणाऱ्या वाटा अनेक दिसतात, आणि त्यातल्या काही मध्येच बंद होतात. घोटाळा इथेच होतो.

बारावी कशासाठी लागते?

नियम असा आहे की, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हे विषय हवेत, सोबत इंग्रजी हवे, आणि या सर्वांत उत्तीर्ण व्हायला हवे. तीन शास्त्र विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत.

एवढे गुण पडले की बारावीचे काम संपले. एमबीबीएसची गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते, बारावीचे गुण त्यात मिळवत नाहीत. म्हणजे बारावी ही ऊसनोंदीसारखी आहे. नोंद नसेल तर तोड येणारच नाही. पण नोंद झाली म्हणजे तोड लगेच मिळाली असेही होत नाही. तसेच नीटमध्ये 'पात्र' ठरणे निराळे आणि जागा मिळणे निराळे, हेही ध्यानात ठेवा.

कोणत्या वाटा बंद आहेत?

दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा, आयटीआय आणि माझ्यासारखी शेतकी पदविका हे सारे पोटापाण्याचे चांगले शिक्षण आहे. मला माझ्या पदविकेचा पस्तावा नाही. पण यातून मेडिकलला जाता येत नाही, कारण वर सांगितलेली बारावी त्यात होत नाही. बारावीच्या व्यावसायिक शाखेचेही तेच. "आधी डिप्लोमा करू, मग बघू" असे कोणी सांगितले तर डॉक्टरकीपुरते ते खरे धरू नका.

विज्ञान शाखेतही एक खड्डा आहे. बायफोकल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स असा २०० गुणांचा विषय. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडावा लागतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घेणारी मुले बहुधा जीवशास्त्र सोडतात. गुण चांगले पडतात, कॉलेजही चांगले मिळते, आणि बारावीत गेल्यावर मुलगी म्हणते, मला डॉक्टर व्हायचंय! मग काय करायचं? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक मुभा दिली. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसता येते. दार अगदी बंद नाही, पण एक वर्ष मोडते. उगवण विरळ झाल्यावर नांगे भरता येतात, तरी ते रोप मूळच्या फुटव्याची बरोबरी करत नाही, हे आपण जाणताच.

गणित ठेवायचे की सोडायचे?

नीटला गणिताचा पेपर नाही. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण होते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, वेळ तीन तास. म्हणजे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे.

ज्याला गणिताची गोडी आहे त्याने जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे. भौतिकशास्त्राची उदाहरणे सोपी जातात आणि अभियांत्रिकीची वाट मोकळी राहते. ज्याला गणिताचा धसका आहे त्याच्यावर ते लादू नका, दोन वर्षे ओढाताण होते. गणित सोडले तरी औषधनिर्माणशास्त्र, कृषी पदवी, पशुवैद्यकीय आणि नर्सिंग या वाटा उरतात. मात्र भौतिकशास्त्रापुरते घातांक, लॉगॅरिथम आणि त्रिकोणमिती यायलाच हवी.

राज्य मंडळ की सीबीएसई?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. सरळ उत्तर असे की, प्रवेशाच्या नियमात दोन्ही सारखेच. सीबीएसईचा म्हणून एक गुण जास्त नाही, राज्य मंडळाचा म्हणून एक कमी नाही. फरक आहे तो पुस्तकांचा. सीबीएसईच्या शाळेत एनसीईआरटीची पुस्तके असतात आणि नीटचे प्रश्न, विशेषतः जीवशास्त्राचे, पुष्कळदा त्या पुस्तकांच्या शब्दांना धरून येतात. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम बराचसा तोच असला तरी मांडणी व शब्द निराळे. म्हणून राज्य मंडळाच्या मुलाने एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके जोडीला घ्यावीत. ती महाग नाहीत. जवळचे ज्युनिअर कॉलेज सोडून केवळ मंडळासाठी पोराला रोज दीड तास एसटीत बसवू नका. गावाजवळ चांगले शिकवणारे, प्रयोगशाळा चालू असलेले कॉलेज असेल तर तेच बरे. को ८६०३२ चांगला म्हणून कोणी चोपण रानात लावत नाही, तिथे २६५ बघतो. तसेच हे.

एक अडचण खरी आहे. आपली बरीच मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावीला विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून असते. पहिले तीन महिने मूल गप्प होते. आपल्याला वाटते, पोरगं बिघडलं. बिघडलेलं नसतं, शब्द अडलेले असतात. दहावीनंतरच्या सुट्टीत शास्त्राचे इंग्रजी शब्द पाठ करून घेतले तर हा त्रास निम्मा होतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण तशी निवड अर्ज भरतानाच करावी लागते, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न प्रमाण धरतात.

परराज्यात पाठवावे का?

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या पुतण्याला दहावीला उत्तम गुण होते. कोणीतरी सांगितले म्हणून भावाने त्याला दुसऱ्या राज्यात क्लासला घातले आणि अकरावी-बारावीचा प्रवेशही तिथल्याच शाळेत घेतला. दोन हंगामांचे उसाचे बिल आणि वर सोसायटीचे कर्ज त्यात गेले. पोराने कष्ट केले, नीटला गुणही बरे पडले. पण प्रवेशाच्या वेळी कळले की राज्याच्या कोट्यात त्याला बसता येत नाही. त्याच्याहून कमी गुणांच्या शेजारच्या गावच्या मुलाला शासकीय महाविद्यालय मिळाले, आमचा मुलगा यादीबाहेर राहिला. दोष कोणाला देणार? नियम आम्ही आधी वाचलाच नव्हता. त्या वर्षी दिवाळीला भाऊ कोणाशी धड बोलला नाही.

नियम असा आहे. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ टक्के राज्याच्या राहतात. त्या ८५ टक्क्यांसाठी महाराष्ट्राचा अधिवास हवा, आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातील शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण असावी लागते. काही नोकरदारांच्या मुलांना अपवाद आहेत, आपण शेतकरी त्यात येत नाही. मंडळ कोणतेही चालेल, पण शाळा महाराष्ट्रात हवी. म्हणून क्लास कुठलाही लावा, बारावी मात्र आपल्या राज्यातच करा. शाळेत नाव एकीकडे आणि मूल भलतीकडे, असा प्रकारही टाळा. बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते.

पूर्वी विभागवार ७०:३० अशी वाटणी होती. त्यामुळे मराठवाड्यात बारावी केली की उर्वरित महाराष्ट्रात, यावर हिशेब बदलायचा. ती अट सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. त्या कारणासाठी आता जिल्हा बदलण्याची गरज नाही.

परदेशाचे आमिष

गावात एजंट येतात आणि सांगतात, नीटची भानगड नको, परदेशात थेट डॉक्टर करू. हे खरे नाही. परदेशात एमबीबीएस करून भारतात दवाखाना टाकायचा असेल तर २०१८ पासून नीट पात्रता आवश्यक आहे, आणि परत आल्यावर इथली परीक्षाही द्यावी लागते. जमिनीवर बोजा चढवण्याआधी हे विचारा.

थोडक्यात सांगायचे तर

१. विज्ञान शाखा, जीवशास्त्र आणि इंग्रजी सोडायचे नाही.
२. बायफोकल घेताना कोणता विषय सुटतो ते कॉलेजात विचारून, लिहून घ्या.
३. गणित मुलाच्या आवडीवर ठरवा.
४. बारावी महाराष्ट्रातूनच करा.
५. अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे अकरावीतच सुरू करा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला चकरा मारून उपयोग नाही.
६. एमएचटी-सीईटीचा अर्जही भरा. कृषी व औषधनिर्माणशास्त्राचे प्रवेश तिच्यावर होतात. बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीयला नीटचेच गुण चालतात.

शेवटी एकच विनंती. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षे अभ्यास आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. त्याआधीची दोन वर्षे धरली तर हे साडेसात वर्षांचे पीक आहे. ते मुलाला काढायचे आहे, आपल्याला नाही. म्हणून अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री पोराला जवळ बसवून विचारा, "तुला खरंच व्हायचंय का?" उत्तर नाही आले तर रागावू नका. ज्या रानात जे येते तेच पेरावे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग